दुसऱ्या वाटेची शाळा



धुळ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आठवीत आहे. दोन वर्षांपासून त्याची प्रगतिपुस्तके लाल शाईने भरून येतात. आता कुणी तज्ज्ञांनी त्यांना सल्ला दिला आहे की, मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या एखाद्या लहान शाळेत घालावे आणि दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून द्यावी. सासरे म्हणतात, आपल्या घराण्यात असे कुणी शिकले नाही. पती गप्प आहेत. भगिनीने शेवटी लिहिले आहे, “मुलाची चिंता आहेच, पण समाजात विचारले तर काय सांगायचे, याचीच अधिक भीती वाटते. आपण काय म्हणता?”

या पत्राचे उत्तर लिहिण्यासाठी मी तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा कागद बाजूला ठेवला. उपदेश करणे सोपे होते. परंतु प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आधी आमच्या घरात काय घडले आणि त्यात माझा वाटा काय होता, ते लिहावे लागते. संबंधितांची अनुमती घेऊनच लिहितो आहे. नावे अर्थातच देत नाही.

माझ्या धाकट्या बंधूंचे धुळ्यास किराणा घाऊक विक्रीचे दुकान आहे. त्यांचा नातू लहानपणापासून चुणचुणीत. चार वर्षांचा असताना गादीवर बसून गिऱ्हाईकाला “काय देऊ?” असे विचारायचा. शाळेत गेला आणि हळूहळू त्याचे बोलणे कमी झाले. ‘सुपारी’ लिहायला सांगितले तर ‘सुपरी’ लिहायचा, जोडाक्षर आले की तेवढा शब्द गाळून पुढे जायचा, फळ्यावरचे उतरवून घेताना वर्ग पुसून रिकामा झाला तरी याची दुसरी ओळ पुरी झालेली नसे. शिकवण्या लावल्या, त्या बदलल्या. सहावीच्या अखेरीस शाळेने बोलावून घेतले आणि दाखला काढून न्यावा असे सौम्य शब्दांत सुचवले.

त्याच सुमारास आमच्या नात्यातील एका लग्नात जेवणाच्या मांडवात हा विषय निघाला. मी वडीलधारा, चार लोक ऐकणारे. मी म्हणालो, “डोके चालत नसेल तर उगाच पैसा का घालवता? दुकानात बसवा. शिकून तरी त्याला काय करायचे आहे?” लोक हसले. वळून पाहिले तर पाण्याच्या पेल्यांचे ताट घेऊन तो मुलगा माझ्या मागेच उभा होता. त्याने मला पेला दिला आणि पुढच्या पंगतीकडे गेला. तेव्हा त्याचे वय अकरा वर्षांचे होते.

आता एक विसंगती पाहा. त्याच वर्षीच्या चातुर्मासात स्थानकात मुलांची पाठशाळा चालली होती. साध्वीजी म्हणत, मुले मागून म्हणत. सगळ्या मुलांत प्रतिक्रमण सर्वांत आधी कुणाचे पाठ झाले? याचे. एक शब्द चुकला नाही. त्याला प्रभावनेची डबी मिळाली, दादीसांनी ती कौतुकाने कपाटात ठेवली, आणि आम्हा मोठ्यांपैकी एकाच्याही मनात हा प्रश्न आला नाही की, ज्याचे डोके चालत नाही त्याला एवढे पाठ कसे झाले? आम्ही शाळेचे कपाट वेगळे आणि स्थानकाचे कपाट वेगळे ठेवले होते.

हा प्रश्न आला तो फक्त त्याच्या आईच्या मनात. माझी ही पुतसून फार बोलणारी नाही. घरात न विचारता तिने माहेरी जाण्याच्या निमित्ताने नाशिकला एका मानसतज्ज्ञांकडे मुलाची तपासणी करवून घेतली. दोन दिवस चाचण्या चालल्या. अहवालात बुद्धी उत्तम, परंतु वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता, असा निष्कर्ष होता. इंग्रजीत जिला डिस्लेक्सिया म्हणतात ती हीच. यात डोळे अधू नसतात, बुद्धी मंद नसते, मूल आळशीही नसते. ऐकलेला ध्वनी आणि कागदावरचे अक्षर यांची सांगड घालण्याचे काम मेंदूत इतरांसारखे सहज होत नाही, एवढेच. आपण सायकल एकदा शिकलो की पुन्हा विचार करीत नाही. या मुलांना प्रत्येक शब्दावर नव्याने तोल सांभाळावा लागतो. ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आपण सर्वांनी पाहिला, डोळे पुसले आणि घरी येऊन आपल्या मुलांना पुन्हा ‘ढ’ म्हणालो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ साली झाला, त्यातील २१ प्रकारांत या अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत अधिक वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण प्रमाणपत्र काढायचे तर आधी घरात कबूल करावे लागते.

त्या अहवालानंतर आमच्या घरात पंधरा दिवस कुणी नीट जेवले नाही. बंधूंना ‘दिव्यांग’ हा शब्द सोसेना. पुढे याच्या धाकट्या बहिणीचे स्थळ बघताना लोक काय म्हणतील, येथपर्यंत विचार गेले. तिचे वय त्या वेळी सात होते!

शेवटी मार्ग निघाला तो असा. जळगावला एक शिक्षक दांपत्य आपल्या बंगल्यातच वीस-बावीस मुलांची शाळा चालवते. कुणी वाचनात अडखळणारे, कुणी आजारपणामुळे मागे पडलेले, कुणी नेहमीच्या शाळेत मनच न रमलेले. धुळे-जळगाव अंतर नव्वद किलोमीटरच्या पुढचे, रोज येणे-जाणे शक्य नव्हते. तेव्हा पुतसुनेचा मला फोन आला. म्हणाली, “काकासा, सोमवार ते शनिवार तो आपल्याकडे राहील का?” मांडवातले माझे वाक्य तिलाही माहीत होते. तरी तिने मलाच विचारले. मी हो म्हणालो, पण मनातून माझा विश्वास नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

पहिले तीन-चार महिने तो आमच्या घरी पाहुण्यासारखा राहिला. विचारले तेवढेच उत्तर. पाटी-दप्तर घेऊन बसवले तर पोटात दुखे. शाळेत काय करतोस म्हटले तर म्हणे, “वांगी लावली.” मी मनात म्हणालो, झाले, आता शेती शिकवतात! (त्या वांग्यांचे पुढे शाळेत भरीत झाले. आमच्याकडे वांगे वर्ज्य असल्याने चिरंजीवांनी फक्त भाजण्याचे काम केले आणि वर इतरांना बहुबीज म्हणजे काय ते समजावून सांगितले.)

मग एक दिवस ती सर्व मुले औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल पाहायला गेली. जळगावची डाळ आणि जळगावचे सोने यांचे नाव सर्वदूर आहे, पण आपल्याच मुलांनी मिल आतून पाहिलेली नसते. तूर निवडतात, तेलाचा हात देतात, वाळवतात, भरडतात, टरफल उडवतात हे सर्व त्यांनी पाहिले. परत आल्यावर गुरुजींनी विचारले, शंभर क्विंटल तुरीची डाळ बहात्तर क्विंटल निघाली, तर मिलवाल्याला डाळ काय भावाने विकावी लागेल? बाकीची मुले गुणाकार करू लागली. आमचा मुलगा म्हणाला, “गुरुजी, चुनी आणि भुसा ढोरांसाठी विकला जातो, तो वजा केला का? आडत, हमाली, तोलाई कुठे धरली? बारदान कुणाचे?” वर्गात शांतता पसरली. गुरुजींनी खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर अक्षर एकही लिहिले नाही, फक्त आकडे मांडले आणि तोंडाने पाऊण तास समजावले. ही हकीकत मला त्याने नव्हे, गुरुजींनी सांगितली. त्या रात्री जेवताना मात्र त्याने आपण होऊन मला विचारले, “बडे दादासा, तुमच्या वेळी औटकी पाठ करायला लावायचे ना? साडेतीनचा पाढा? मला शिकवा.” पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी! साठ वर्षांनी मी ते पाढे म्हटले. दोन ठिकाणी मीच चुकलो.

येथे थोडे विषयांतर करतो. आपण व्यापारी लोक वेगळ्या शाळेला इतके का बिचकतो, हे मला कळत नाही. आपले आजे-पणजे कोणत्या शाळेत गेले होते? पेढीवर मुनीमजींच्या शेजारी बसून रोजमेळ, खतावणी, जमा-नावे शिकले. तीच त्यांची शाळा होती. चौथी नापास झालेल्या माणसांनी सचोटीच्या जोरावर खान्देशात पेढ्या उभ्या केल्या. आणि शिक्षणाची वेगळी वाट काढणारी माणसेही आपल्यापासून दूर नाहीत. धुळ्याहून नाशिकला जाताना चांदवड लागते, तेथे १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. वाकोदसारख्या खेड्यात जन्मलेल्या भवरलालजींनी २००७ साली जळगावला अनुभूती ही निवासी शाळा काढली आणि पुढे अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी दुसरी शाळा उभी केली. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तेच बीज महाराष्ट्रात आणले. फलटणचे कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरचे सृजन आनंद विद्यालय, पुण्याचे अक्षरनंदन ही त्याच जातीची झाडे. छडी आणि गुणपत्रक यांच्यावाचूनही मूल शिकते, हे या मंडळींनी करून दाखवले आहे.

अमळनेरची गोष्ट तर घरचीच. १९२४ साली साने गुरुजी तेथील शाळेत शिक्षक झाले आणि मग छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. घरापासून तुटलेली, बुजरी, गरीब मुले. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, त्यांच्यासाठी हाताने लिहून छात्रालयाचे दैनिक काढीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. १९३० साली सत्याग्रहात उडी घेण्यासाठी त्यांनी शाळा सोडली आणि १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात विनोबांसमवेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा बोलले, जमनालाल बजाजांसारखे व्यापारी घराण्यातील सत्याग्रही समोर बसून ऐकत होते, आणि लिहून घेतले साने गुरुजींनी. आज घरोघर असलेली ‘गीता प्रवचने’ अशी तयार झाली. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा असला म्हणून त्या ज्ञानाला कुणी कमी लेखले नाही. मग परीक्षेत आपल्या मुलाला लेखनिक मिळणार म्हटल्यावर आपली मान खाली का जावी? धुळेकर बंधूंना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. धुळ्याचा तुरुंग त्यांच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आहे.

आता भगिनीच्या व्यावहारिक शंकेकडे येतो. मुक्त विद्यालय म्हणजे काही कमअस्सल प्रकार नव्हे. केंद्रीय मंडळाने १९७९ साली प्रयोग म्हणून हे काम आरंभले, १९८९ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ पासून तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे नाव आहे. दहावीस बसण्यासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण हवीत. पाच विषय घ्यावे लागतात आणि ते निवडण्याची पुष्कळ मोकळीक आहे. मराठी माध्यमाची सोय आहे. एकदा नाव नोंदले की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एका वेळी पाचही विषय दिलेच पाहिजेत असे नाही. जो सुटला तो सुटला, त्याचे गुण जमेस राहतात. प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचे धरले जाते. जुन्या वाचकांना सतरा नंबरचा फॉर्म आठवत असेल. लग्नानंतर संसार सांभाळून तो फॉर्म भरून मॅट्रिक झालेल्या कितीतरी भाभी आपल्या घरात आहेत, त्यांना कधी कुणी हिणवले नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘पास करून देतो’ अशी हमी घेऊन या नावाखाली दुकाने मांडून बसलेले लोक आहेत. पैसे मोजून घरी प्रमाणपत्र आणणार असाल, तर मुलाला पुन्हा एकदा तेच सांगाल की, तुझ्याने काही होणार नाही. आणि वेगळी म्हणवणारी प्रत्येक शाळा चांगलीच असते असेही नाही. जाऊन दोन तास बसावे, मुले प्रश्न विचारतात की नाही ते पाहावे, परीक्षेची नोंदणी कोठून होते ते स्पष्ट विचारावे, फी लेखी घ्यावी. माल पारखून घेणाऱ्यांना हे मी काय सांगावे?

पण शाळा बदलल्याने सगळे बदलले, असे मी म्हणणार नाही. अर्धे काम घरात झाले, आणि ते केले दादीसांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावजयीने. त्यांचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंतचे. गुरुजी म्हणाले होते की, या मुलाला कुणी धडा वाचून दाखवला तर तो लगेच समजतो. झाले. रोज सायंकाळी प्रतिक्रमण आटोपले की आठ वाजता धुळ्याहून फोन यायचा आणि दादीसा चष्मा लावून व्यवसाय अध्ययनाचा धडा वाचायच्या. ‘भागीदारी संस्था’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा त्या स्वतःच अडखळल्या. पलीकडून नातू म्हणाला, “दादीसा, घाई नका करू, तोडून वाचा.” इतकी वर्षे जे वाक्य तो इतरांकडून चिडक्या आवाजात ऐकत आला, ते त्याने किती शांतपणे उच्चारले! पुढे पुढे त्या वाचायच्या आणि तो समजावून सांगायचा. बंधू आधी खोलीबाहेर फिरत असत, मग दारात उभे राहू लागले, मग खुर्ची आली. गृहविज्ञान हा विषय त्याने घेतल्याचे कळले तेव्हा बंधूंनी कपाळावर हात मारला होता. पण अन्न टिकवण्याचा धडा सुरू झाल्यावर किराण्याला टोके कसे लागतात आणि कडधान्य कसे राखायचे, यावर तेच फोनवर अर्धा तास बोलत बसले.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या लहानशा कार्यक्रमासाठी धुळ्याहून सारे आले. मुलगा उभा राहिला. हातात कागद नव्हता. ‘एका गोणीचा प्रवास’ असा विषय घेऊन त्याने शेतापासून दुकानापर्यंत तुरीच्या गोणीवर कोण कोण किती हात मारतो, ते सांगितले. मध्ये एकदा अडखळला. पूर्वी असा अडखळला की तो रडवेला होऊन खाली बसे. या वेळी म्हणाला, “थांबा, मला शब्द सापडत नाही,” क्षणभर थांबला, आणि शब्द सापडल्यावर पुढे निघाला. बंधू शेवटच्या रांगेत होते. घरी येताना मोटारीत त्यांनी एवढेच विचारले, “आडतीचा दर त्याला कुणी सांगितला? बरोबर होता.”

त्या वर्षीच्या संवत्सरीला मी सर्वांना मिच्छामि दुक्कडम् म्हणालो. दरवर्षी म्हणतोच. मुले पाया पडतात, आपण डोक्यावर हात ठेवतो, विधी पूर्ण होतो. त्या दिवशी त्याला मी खोलीत बोलावले आणि म्हणालो, “लग्नाच्या मांडवात मी तुझ्याबद्दल जे बोललो, त्याची क्षमा मागतो.” मला वाटले होते, तो विसरला असेल. तो म्हणाला, “त्या दिवशी ताटात अकरा पेले होते. मी मोजत होतो, म्हणजे रडू येणार नाही.” मग त्यानेही रीतीप्रमाणे मला मिच्छामि दुक्कडम् म्हटले. त्याने कशाची क्षमा मागायची होती, देव जाणे.

आज तो सोळा वर्षांचा आहे. वाचन अजूनही संथ आहे आणि ते तसेच राहील असे तज्ज्ञ सांगतात. अंगठ्याने संदेश लिहिण्यापेक्षा बोलून पाठवतो. गेल्या एप्रिलच्या सत्रात त्याने तीनच विषय दिले, व्यवसाय अध्ययन, गृहविज्ञान आणि चित्रकला. तिन्ही सुटले. मराठी आणि लेखाशास्त्र राहिले आहेत. मराठीची त्याला धास्ती आहे. लेखाशास्त्राची बंधूंना, कारण जमा-नाव्याची पुस्तकी रीत आणि त्यांच्या वहीची रीत यांत फरक पडतो आणि त्यावरून आजा-नातवाचे कडाक्याचे वाद होतात.

भगिनी, समाजात विचारतील तर काय सांगायचे, असे आपण विचारले आहे. आम्हालाही विचारतात. गेल्या महिन्यात दुकानात एका जुन्या व्यापारी स्नेह्यांनी बंधूंना विचारले, “पोरगा कोणत्या शाळेत?” बंधू वही बंद करून म्हणाले, “जळगावला असतो. वेगळी शाळा आहे, सावकाश शिकवतात. ऑक्टोबरात दोन पेपर आहेत.” आणि मग आत पाहून हाक मारली, “अरे, फॉर्म भरला का?”